स्विफ्टला सोळा इंची मॅगव्हील घेण्याआधी काय काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, १४ इंची लोखंडी रिम, १६५/८० आर १४ टायर (म्हणजे १६५ मिलिमीटर रुंद, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, १४ इंची रिमसाठी). नाना पेठेत ओळखीच्या दुकानात १६ इंची मॅगव्हीलचा, म्हणजे अलॉय चाकांचा, वापरलेला सेट मिळतोय. मागच्या बाजूला ७ जे (रिमची रुंदी, इंचात) आणि ईटी ३५ (ऑफसेट, त्याचा अर्थ पुढे येतोच) असे शिक्के आहेत, प्रत्येक चाकाला आठ भोकं आहेत आणि सोबत निम्मे झिजलेले २०५/५५ आर १६ टायर आहेत. दुकानदार म्हणतो, ‘चार नटवाल्या सगळ्या गाड्यांना बसतात, बिनधास्त घ्या.’ घ्यावेत का?

नका घेऊ. चाकं कदाचित चांगलीही असतील, पण ती तुमच्या गाडीची नाहीत. दुकानदार खोटं बोलतोय असंही नाही. त्याच्या लेखी ‘बसतात’ म्हणजे चार नट आवळले गेले आणि गाडी दुकानासमोरून हलली. टायर आणि अलाइनमेंटच्या धंद्यात असल्यामुळे त्यानंतरचं सगळं आमच्याकडे येतं. मागे माणसं बसली की घासल्याचा आवाज, एक्स्प्रेसवेवर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंगची थरथर, काही महिन्यांनी बेअरिंगची घरघर. तेव्हा मालक विचारतो, ‘अलाइनमेंट बिघडलंय का?’ आणि अलाइनमेंट बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

आधी भोकांचं बघू, कारण दुकानदाराचा सगळा भरवसा त्यांच्यावर आहे. स्विफ्टचा पीसीडी ४×१००, म्हणजे चार स्टड (ज्यांवर चाकाचे नट आवळतात ते खुंट) १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. आठ भोकांचं चाक दोन वेगवेगळ्या पीसीडींसाठी केलेलं असतं, बहुतेक वेळा १०० आणि १०८. त्यातला १०८ हा फिगो, इकोस्पोर्टसारख्या फोर्डच्या गाड्यांचा. तेव्हा चार-चार भोकांच्या दोन संचांपैकी एक तुमचा असण्याची शक्यता चांगली आहे, पण मोजून घ्या. चार भोकांत मोजणं सोपं असतं: एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंतचं अंतर हाच पीसीडी. शिंप्याचा टेप वापरू नका, व्हर्नियर लागतो. कारण १०० च्या अगदी शेजारचा आकडा फियाटचा आहे. आपल्या रांजणगावात बनलेल्या पुंटो, लिनियाचा पीसीडी ४×९८. फरक दोन मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक स्टड एक मिलिमीटर बाजूला. एवढ्या फरकात नट आवळला जातो, आणि तोच घोटाळा आहे. स्टड वाकडा ओढला जातो, नट एका बाजूनेच टेकतो आणि शेदोनशे किलोमीटरवर ढिला पडतो.

पाच भोकांच्या चाकाला समोरासमोर भोक नसतं. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर मोजून त्याला १.७ ने गुणायचं. चाकणला बनलेली पोलो ५×१००, ऑक्टाव्हिया ५×११२, तर क्रेटा, ब्रेझा, इनोव्हा ५×११४.३. यातल्या ११२ आणि ११४.३ मध्ये शेजारच्या भोकांतलं अंतर अनुक्रमे ६५.८ आणि ६७.२ मिलिमीटर येतं. दीड मिलिमीटरपेक्षाही कमी फरक, डोळ्यांना दिसणं शक्य नाही. कोणी म्हणालं की ‘लेथवर भोकं जरा ओढून देतो’, तर नमस्कार करून निघायचं.

आता मधलं मोठं भोक, ज्याकडे विकत घेताना कोणी बघतच नाही. हबचा, म्हणजे गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसतं त्याचा, जो गोल उंचवटा चाकाच्या मध्यात शिरतो, त्याचा व्यास स्विफ्टला ५४.१ मिलिमीटर. होंडा सिटीला ५६.१, पोलोला ५७.१, इकोस्पोर्टला ६३.४. बाजारातली मॅगव्हील बनवणारा प्रत्येक गाडीसाठी वेगळं भोक पाडत बसत नाही, तो ६७.१ किंवा ७३.१ असं मोठं भोक ठेवतो म्हणजे माल सगळीकडे खपतो. मग तुमच्या ५४.१ च्या हबवर ७३.१ चं चाक ठेवलं की भोवती साडेनऊ मिलिमीटरची पोकळी राहते. ती भरायला हब रिंग मिळते, बाहेरून ७३.१ आणि आतून ५४.१. किंमत किरकोळ, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. प्लास्टिकचीही चालते. मला ॲल्युमिनियमची बरी वाटते, फक्त पावसाळ्यानंतर ती हबला चिकटून बसते, म्हणून बसवताना ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा.

रिंग नसेल तर काय होतं? नटाच्या शंकूमुळे चाक बऱ्यापैकी मध्यावर येतं, पण ‘बऱ्यापैकी’च. चाक हवेत टांगलेलं असताना नट सावकाश, समोरासमोरचे आळीपाळीने आवळले तर निभावतं. गाडी जमिनीवर टेकवून गनने एका दमात चारही नट घट्ट केले, तर चाक जिथे लटकलं होतं तिथेच आवळलं जातं. केंद्र थोडं सरकलं तरी ऐंशी ते शंभरच्या वेगात थरथर सुरू होते. गंमत अशी की बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक मधल्या भोकात शंकू घालूनच धरतात, त्यामुळे तिथे सगळं शून्य दिसतं. मालक तीन दुकानांत बॅलन्सिंग करून पैसे घालवतो आणि दोष निघतच नाही. तुमच्या सेटचं मधलं भोक किती हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे दुकानदारानेही सांगितलेलं नसणार.

यापुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे: ऑफसेट. तुमच्या प्रश्नातली खरी मेख ‘७ जे, ईटी ३५’ या शिक्क्यात आहे, सोळा इंचांत नाही.

रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेघ कल्पून बघा. चाक हबला जिथे टेकतं तो सपाट भाग त्या रेघेपासून बाहेरच्या बाजूला किती मिलिमीटरवर आहे, तो आकडा म्हणजे ईटी. ईटी वाढला की चाक आत जातं, शॉकअपकडे. कमी झाला की बाहेर येतं, मडगार्डकडे. पण एकटा ईटी बघून काही कळत नाही, रुंदी सोबत धरावी लागते. रुंदी इंचात आणि ऑफसेट मिलिमीटरमध्ये लिहितात, तिथेच लोक गोंधळतात.

हिशोब सोपा आहे. उदाहरणापुरती तुमची सध्याची रिम ५.५ जे, ईटी ४५ धरू. (तुमचा खरा आकडा रिमच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. स्टेपनी काढून बघा, तिच्यावर चिखल कमी असतो.) साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर, त्याचं अर्धं ६९.८. यातून ४५ वजा केले की रिमची बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून २४.८ मिलिमीटर बाहेर येते. तेच ४५ मिळवले की आतली कड ११४.८ मिलिमीटर आत जाते. आता सात इंच घ्या: १७७.८, अर्धं ८८.९. ईटी ३५ वजा केला तर बाहेरची कड ५३.९, मिळवला तर आतली कड १२३.९.

म्हणजे हे नवं चाक आधीपेक्षा २९ मिलिमीटर बाहेर आणि ९ मिलिमीटर आत येणार. एकोणतीस मिलिमीटर म्हणजे अंगठ्याच्या रुंदीहून जास्त. त्यावर २०५ चा टायर. सिंहगड रोडच्या एखाद्या स्पीडब्रेकरवर मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असेल, तर मागचं मडगार्ड टायरवर येऊन टेकेल. आतले नऊ मिलिमीटर त्यामानाने बरे, पण शॉकअप आणि टायर यांच्यात मुळात किती जागा आहे हे मोजल्याशिवाय तेही मान्य करू नका. पेन्सिल सहज फिरेल एवढी फट उरली पाहिजे.

घासलं नाही तरी चाक बाहेर सरकल्याची किंमत असते. गाडीचं वजन बेअरिंगच्या ज्या जागी यावं म्हणून हब बनवलाय, त्यापासून ते दूर जातं. बेअरिंग लवकर वाजतं. पुढच्या चाकांत स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो: एक चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं वाटतं, ब्रेक दाबताना रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्याबरोबर गाडी इकडेतिकडे हुंगत जाते. आणि पावसाळ्यात टायरने उडवलेला चिखल थेट दारावर. काही मुलांना बाहेर आलेलं चाक दिसायला आवडतं, मी वाद घालत नाही. पण तुम्ही कुटुंबाची रोजची गाडी म्हणून विचारताय.

उलटी चूकही बघायला मिळते. ईटी फार जास्त असलेलं चाक घ्यायचं आणि ते आत घासलं की स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये चकती, घालायचा. स्पेसरची जाडी वाढली तेवढा स्टड नटात कमी शिरतो. स्पेसर लागतोय म्हणजे चाक चुकीचं निवडलंय.

टायरकडे वळू. १६५/८० आर १४ चा एकूण व्यास काढू: १६५ चे ८० टक्के १३२, दोन्ही बाजूंचे मिळून २६४, त्यात १४ इंचाचे ३५५.६ मिळवले की ६१९.६ मिलिमीटर. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला येणारा १८५/६५ आर १५ काढला तर ६२१.५. कंपनीनेच दोन्ही व्यास जुळवून ठेवलेत, कारण स्पीडोमीटर, एबीएस, गिअर सगळं त्याच्यावर बेतलेलं आहे. १६ इंचात १९५/५५ घेतला तर ६२०.९ येतो, चपखल. तुम्हाला मिळणारा २०५/५५ आर १६ मात्र ६३१.९. बारा मिलिमीटर मोठा, म्हणजे सगळीकडून सहा मिलिमीटर जवळ आणि वर चाळीस मिलिमीटर रुंद. दोन टक्क्यांनी स्पीडोमीटर कमी दाखवेल, त्याचं एवढं नाही. जागेचं आहे.

काहीजण १९५/५० आर १६ सुचवतात, स्वस्त मिळतो म्हणून. त्याचा व्यास ६०१ येतो, गाडी नऊ मिलिमीटर खाली बसते आणि भार वाहण्याचा आकडा साधारण ८४, म्हणजे टायरमागे ५०० किलो. तुमच्या मूळ टायरचा ८५, म्हणजे ५१५ किलो. मूळपेक्षा कमी आकड्याचा टायर मी बसवत नाही, गिऱ्हाइकाने कितीही सांगितलं तरी. १९५/५५ आर १६ मध्ये ८७ मिळतो, ५४५ किलो, तो ठीक.

व्यास सारखा ठेवून रिम मोठी केली की टायरची भिंत आखूड होते, हे मात्र टळत नाही. तुमची सध्याची भिंत १३२ मिलिमीटर, १५ इंचीत १२०, १६ इंचीत १०७. पावसाळ्यात खोदाईचे चर बुजवल्यावर जे रस्ते उरतात, त्यावर ही पंचवीस मिलिमीटर कमी भिंत महिन्याभरात जाणवते. टायरला बाजूने टेंगूळ येणं आणि रिमची आतली कड चपटी होणं, दोन्ही लो प्रोफाइलवाल्यांचं दुखणं. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते. मॅगव्हीलला तडा जातो.

म्हणून वापरलेला कुठलाही सेट घेताना टायर उतरवून आतली बाजू बघायची. बाहेरून रंग मारून नवं केलेलं असतं, आत कोणी रंगवत नाही. आतल्या कडेवर केसासारखी रेघ, वेल्डिंगचा टाका, नाहीतर एका जागी घासून चकचकीत केलेला पट्टा दिसला तर तो सेट सोडा. टायर काढायला दुकानदार तयार नसेल तर तेच उत्तर समजा. खुणांमध्ये आयएसआयचं चिन्ह आणि आयएस १६१९२ हा क्रमांक बघा. जपानी जेडब्ल्यूएल ही खूण बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, तेव्हा नुसत्या जेडब्ल्यूएलवर फार विसंबू नका. त्यासोबत व्हीआयए असेल तर बाहेरच्या संस्थेकडे नोंदणी झालेली असते. अर्थात साच्यात कुठलीही अक्षरं ओतता येतात. किती भार चालतो हा आकडाही चांगल्या चाकावर कोरलेला असतो. वजनकाटा मिळाला तर चाक तोलूनही बघा. स्वस्त ओतीव मॅगव्हील लोखंडी रिमपेक्षा जड निघतं, तेव्हा ‘अलॉय म्हणजे हलकं’ हे गृहीत धरू नका.

नटांवर थोडं थांबतो, कारण इथे निष्काळजीपणा सर्रास चालतो. मारुतीचे आटे १२×१.२५, म्हणजे स्टड १२ मिलिमीटर जाड आणि दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिलिमीटर. होंडा, ह्युंदाई, टोयोटाचे १२×१.५. दिसायला दोन्ही नट एकसारखे. १.५ चा नट तुमच्या स्टडवर दीडदोन फेरे जातो आणि अडतो, मग पोऱ्या गन लावतो आणि नट आत जातो, आट्यांचा भुगा करत. म्हणून नट आधी हाताने फिरवायचा. १२×१.२५ ला निदान नऊदहा फेरे हाताने गेले पाहिजेत, तरच स्टड पुरेसा आत शिरला. मॅगव्हीलचा मधला भाग जाड असतो, जुने नट कधी कधी अपुरे पडतात.

नटाची बैठक वेगळी गोष्ट. बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलला साठ अंशांचा शंकू लागतो. होंडाच्या कंपनीच्या चाकांना गोलाकार बैठक असते, टोयोटाच्या बऱ्याच मॅगव्हीलना वॉशरवाला सपाट नट. गोल नट शंकूच्या खड्ड्यात घातला तर एका बारीक रेघेवर टेकतो आणि ढिला पडतो. ओळखायचं कसं? चाक बसवून नट आवळा, पुन्हा काढा आणि खड्ड्यात टॉर्च मारून बघा. पूर्ण गोल, सारख्या रुंदीचा चकचकीत पट्टा उमटला असेल तर बैठक बरोबर. बारीक तारेसारखी रेघ किंवा अर्धचंद्र दिसला तर नट चुकीचा किंवा पीसीडी चुकीचा.

मग घ्यायचं काय? मला विचाराल तर तुमच्याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलची कंपनीची १५ इंची मॅगव्हील आणि १८५/६५ आर १५. पीसीडी, मधलं भोक, ऑफसेट, सगळं कंपनीने जुळवलेलं. लोक नवी गाडी घेऊन मोठी चाकं घालतात आणि ही चाकं उतरवून विकतात, तेव्हा कमी चाललेला सेटही मिळतो. मनात सोळाच भरलं असेल तर ६ जे, ईटी ४० ते ४५, हब रिंगसह, त्यावर १९५/५५ आर १६. वरच्याच हिशोबात ६ जे, ईटी ४० घातलं तर चाक ११ मिलिमीटर बाहेर आणि जेमतेम दीड मिलिमीटर आत येतं. ते सहसा निभतं. सतरा इंचांचा विषय पुण्यात रोज फिरणाऱ्या गाडीसाठी मी काढतच नाही.

पैसे देण्याआधी एक चाक टायरशिवाय पुढे लावून बघा, एक मागे. पुढचं चाक हाताने फिरवा. ब्रेकच्या कॅलिपरला काड्या किंवा आतली बाजू लागत नाही ना? तीनेक मिलिमीटर मोकळी जागा हवी, आणि बॅलन्सिंगचं वजन आत चिकटवलं की ती आणखी कमी होणार आहे. नंतर टायरसह स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून, मागे माणसं बसवून स्पीडब्रेकरवरून न्या. उतरून मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर हात फिरवा. घासलं असेल तर काळा, गुळगुळीत डाग हाताला लागतो.

नट शेवटी टॉर्क पान्यानेच आवळायला लावा. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. तो गाडीगाडीनुसार बदलतो, पोलोला १२० न्यूटन मीटर. पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर परत एकदा तपासा, नवीन चाकाचा रंग दबून नट थोडे सैल होतात. विम्याच्या नूतनीकरणात मॅगव्हील ॲक्सेसरी म्हणून लिहून घ्या, बिल जपून ठेवा, नाहीतर अपघातात कंपनी लोखंडी रिमचेच पैसे देईल.

आणि जुन्या लोखंडी रिम विकल्यात तरी त्यांचे चार नट विकू नका. तुमची स्टेपनी १४ इंची लोखंडीच राहणार आहे. व्यास जवळजवळ सारखा असल्यामुळे पंक्चरच्या दुकानापर्यंत ती चालेल, पण नवे नट तिच्या बैठकीत बसतीलच असं नाही. ते चार जुने नट एका पिशवीत घालून जॅकशेजारी डिकीत ठेवा.